मिलोचा माग

देऊळगाव राजाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर जालना गाठायचं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण कडेला, मराठवाड्याला खेटून हे बालाजीचं गाव वसलं आहे. तालुक्यातच मेहुणा राजा आहे, संत चोखामेळ्यांचं जन्मगाव. शेजारच्या तालुक्यात जिजाऊंचं सिंदखेड राजा. पाऊस बेभरवशाचा, आणि मुख्य अन्न पिढ्यान् पिढ्या ज्वारीची भाकरी. अशा मुलखातल्या चुलीवर १९६६ साली काय शिजेल हे ठरण्यात व्हिएतनामच्या युद्धाबद्दल कोण काय बोललं याचाही वाटा होता. ऐकायला हे ओढूनताणून जोडल्यासारखं वाटतं. पण याच्या तारखा आहेत, सरकारी कागद आहेत, आणि दिल्लीत बसून हे सगळं बघणाऱ्या एका परदेशी माणसाच्या आठवणीही आहेत.

या भागातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही ‘मिलो’ म्हणा. लगेच ओळख पटते. रेशनच्या दुकानात मिळणारी ती तांबडी, परदेशी ज्वारी. आपल्या मालदांडीचा दाणा मोत्यासारखा पांढरा, पीठ मऊ, भाकरी पापुद्र्याची. मिलोची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर काळपट लाल दिसायची आणि वास वेगळा यायचा. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः गुरांना घालण्यासाठी पिकवत, ही गोष्टही कर्णोपकर्णी इथवर पोचली होती आणि मनाला लागली होती. तरी लोकांनी ती खाल्ली, कारण घरातली कणगी रिकामी होती.

ही मिलो इथं आली कशी, हे उलगडत गेलं की एकामागून एक थक्क करणारी दारं उघडतात.

पहिलं दार एका कायद्याचं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर गहू इतका पिकू लागला की कोठारं भरून वाहत होती. भाव पडू नयेत म्हणून सरकारच तो विकत घेई, आणि ठेवायला जागा नसे. जुलै १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘पब्लिक लॉ ४८०’ वर सही केली. आपल्याकडे सगळे त्याला ‘पीएल ४८०’ म्हणत. ज्या देशांकडे डॉलर नाहीत त्यांना हे जादा धान्य त्यांच्याच चलनात विकायचं, असा तो कायदा. भारताने १९५६ मध्ये पहिला करार केला. गहू यायचा कॅन्ससच्या शेतातून, त्याचे पैसे मात्र रुपयात, आणि ते रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच जमा राहायचे. या रुपयांचं पुढे काय झालं ही वेगळीच नवलकथा आहे. तिच्याकडे येऊच.

या व्यवहारात मराठी माणसं जागोजागी दिसतात. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख तेव्हा केंद्रात शेतीखातं सांभाळत होते. त्यांनी दिल्लीत १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. त्यातल्या अमेरिकन दालनासाठी डिसेंबर १९५९ मध्ये खुद्द आयझेनहॉवर आले होते. पाचच महिन्यांनी, ४ मे १९६० रोजी, मुंबईच्या राजकारणाचे सम्राट म्हणून ओळखले जाणारे, मूळ सिंधुदुर्गातले स. का. पाटील केंद्रीय अन्नमंत्री या नात्याने वॉशिंग्टनला गेले आणि आयझेनहॉवरांच्या शेजारी बसून करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. या योजनेतला तोवरचा तो सर्वांत मोठा करार होता. त्या दिवशी ती मोठी कमाई वाटली असणार. धान्याचा साठा हाताशी आला म्हणजे भाव ताब्यात राहतील आणि कारखाने उभारायला उसंत मिळेल, असा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. पण धान्य स्वस्त राहिलं की आपल्या शेतकऱ्याच्या ज्वारीला, गव्हालाही भाव मिळत नाही, आणि पिकवण्याची उमेद हळूहळू खचते. दुसऱ्याच्या कोठारावर विसंबण्याची सवय अशी, कुणाच्या लक्षात न येता लागते.

मग १९६५ उजाडलं. पाऊस दगा देऊन गेला. देशाचं अन्नधान्य उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर आलं. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं आणि अमेरिकेने दोन्ही देशांची मदत रोखली. लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. कितीतरी मराठी घरांत सोमवारी रात्री चूल पेटत नसे. धान्याचा जुना करार त्याच वर्षी संपला होता. नवा दीर्घ मुदतीचा करार करायला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तयार नव्हते. त्यांनी भारताला आखूड दाव्याला बांधलं: एका वेळी महिना-दोन महिने पुरेल इतकंच धान्य मंजूर करायचं आणि ती मंजुरी स्वतःच्या हातात ठेवायची. कोणतं जहाज कधी सुटणार यात जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा राष्ट्राध्यक्ष जातीने लक्ष घालत होता. १९६६ या एका वर्षात भारताने सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेतून. गव्हाबरोबर मिलोही आली. जहाज बंदराला लागायचं, धान्य उतरायचं, वाघिणींत भरायचं आणि थेट रेशनच्या दुकानांकडे निघायचं. मध्ये साठवण अशी फारशी उरतच नव्हती.

आता दिल्लीतला तो परदेशी माणूस. चेस्टर बोल्स. तो दोन वेळा भारतात अमेरिकेचा राजदूत होता: पहिल्यांदा १९५१ ते १९५३, दुसऱ्यांदा १९६३ ते १९६९. पहिल्या खेपेला त्याने आपली मुलं दिल्लीतल्या भारतीय शाळेत घातली. मुलगी सिंथिया शांतिनिकेतनात जाऊन राहिली, शिकली. हा माणूस आपल्याच सरकारचा इथला प्रतिनिधी, आणि त्याच सरकारला तारांमागून तारा पाठवून सांगत होता, की धान्य सोडा, उशीर करू नका. परक्या देशात राहणाऱ्या माणसाची ही जागा मला फार विलक्षण वाटते. त्याला समोर रिकामी कोठारं दिसतात, पावसाचे आकडे दिसतात, आणि हे दिसत असताना आपल्या राजधानीत निर्णय भलत्याच रागलोभांवर होतोय हेही कळतं. यजमान देशाला तो परका, आणि दिवस जातील तसा आपल्या देशातल्या वरिष्ठांनाही परका होत जातो. वॉशिंग्टनमध्ये बोल्सबद्दल हेच म्हटलं जाऊ लागलं, की हा भारताचाच वकील झाला आहे.

मार्च १९६६ मध्ये नव्या पंतप्रधान इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. भेट छान झाली, जॉन्सन खूश झाले, धान्य सुटलं. ६ जून रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत ते एकदम साडेसात रुपये पडू लागले. देशात संताप उसळला, कारण हे बाहेरच्या दबावाने झालं अशी सर्वांची समजूत होती. जुलैमध्ये इंदिरा गांधी मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त निवेदनात उत्तर व्हिएतनामवरचा बाँबवर्षाव थांबवण्याची मागणी झाली. जॉन्सन बिथरले. ऑगस्टपासून वर्षअखेरीपर्यंत नव्या मंजुऱ्या अडून राहिल्या, आणि त्याच हंगामात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फसून बिहार उपासमारीच्या तोंडाशी आला होता. भारताने व्हिएतनामबद्दल जे म्हटलं तेच संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट आणि पोपही म्हणत आहेत, हे बोल्सने वॉशिंग्टनला दाखवून दिलं होतं. त्याने आठवणींत नोंदवलं आहे, की त्यावर त्याला मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा होता: त्या दोघांना आमच्या गव्हाची गरज नाही. मदतीवर जगणं म्हणजे नेमकं काय, हे इतक्या थोड्यात सांगणारं दुसरं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. भूक तीच, मत तेच. फरक फक्त कोणाला गहू हवा आहे एवढाच.

पुष्कळदा असं सांगितलं जातं, की जॉन्सनने दावं आवळलं म्हणूनच भारत शेतीकडे वळला. मला हे अर्धंच खरं वाटतं, आणि या अर्ध्या खऱ्यामुळे आपल्या माणसांच्या कामावर अन्याय होतो. सी. सुब्रमण्यम जून १९६४ मध्येच अन्न आणि शेती मंत्री झाले होते. त्यांच्या खांद्याला खांदा लावून नगर जिल्ह्यातून निवडून गेलेले अण्णासाहेब शिंदे त्या खात्यात होते. पुढची कितीतरी वर्षं, मंत्री बदलत राहिले तरी, शिंदे तिथं टिकून राहिले. अन्न महामंडळ जानेवारी १९६५ मध्ये उभं राहिलं. वसंतराव नाईक, पुसदचे, शेतीत मुरलेले मुख्यमंत्री. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, अशा अर्थाचं त्यांचं १९६५ मधलं बोलणं अजून गावोगाव सांगतात. आणि ज्वारीचं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ मध्येच आलं होतं. म्हणजे दावं आवळलं जाण्याआधीच ते तोडायची तयारी सुरू झाली होती.

या सीएसएच-१ पाशी मला थांबायचं आहे, कारण या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं आश्चर्य इथं दडलं आहे.

ज्वारीच्या एका कणसात हजारो बारीक फुलं असतात, आणि दाणा धरणाऱ्या प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. फूल उमलतं, त्याचेच परागकण त्याच्यावर पडतात, दाणा भरतो. दोन वेगळ्या जातींचा संकर करायचा तर एका जातीच्या प्रत्येक फुलातला नरभाग उमलण्याआधी काढून टाकायला हवा. एका कणसासाठी हे करता येईल. लाखो एकरांना पुरेल इतकं बियाणं अशा रीतीने तयार करणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून संकरित मका येऊन कितीतरी वर्षं झाली तरी संकरित ज्वारी अडून बसली होती.

१९५४ मध्ये टेक्सासमधल्या स्टीफन्स आणि हॉलंड या दोन संशोधकांनी वाट दाखवली. पेशीत केंद्रक असतं, त्यात बहुतेक आनुवंशिक माहिती असते. भोवतीच्या पेशीद्रव्यात ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात, आणि त्यांच्यापाशीही स्वतःची थोडी माहिती असते. केंद्रकातली माहिती आई आणि बाप दोघांकडून येते, पेशीद्रव्य मात्र आईकडूनच. या दोघांनी एका जातीच्या पेशीद्रव्यात दुसऱ्या, ‘काफिर’ नावाच्या जातीचं केंद्रक पिढ्यान् पिढ्या संकर करत बसवलं. तेव्हा दिसलं, की या दोघांचं जमत नाही. झाड सुदृढ, कणीस भरदार, पण परागकण वांझ. म्हणजे निसर्गानेच हजारो फुलांतला नर निष्क्रिय करून ठेवला. आता त्या ओळींशेजारी दुसऱ्या योग्य जातीच्या ओळी पेरल्या की वाऱ्यावर उडत येणाऱ्या परागातून जे दाणे भरतील ते सगळे संकरित. तो नर असा निवडायचा, की त्याच्यापासून झालेल्या संकरित झाडात परागाची ताकद परत यावी; नाहीतर शेतकऱ्याच्या शेतात कणसं पोचट राहतील.

ज्या जातीच्या पेशीद्रव्याने हे घडवून आणलं तिचं नाव मिलो.

होय, तीच. रेशनच्या रांगेत जिला नाकं मुरडली तिच्याच कुळातून ती किल्ली मिळाली. सीएसएच-१ ची मादी-ओळ ‘कंबाइन काफिर ६०’ ची, मिलोच्या पेशीद्रव्यावर बेतलेली. नर ‘आयएस ८४’. पेशीद्रव्य आईकडूनच येत असल्याने सीएसएच-१ च्या प्रत्येक झाडात, प्रत्येक दाण्यात मिलोचं मातृकुळ होतं. पुढे सीएसएच-५ आलं, सीएसएच-९ आलं, कणीस बदललं, दाणा सुधारला. मातृकुळ तेच राहिलं. १९६६ मध्ये एकीकडे मिलो पोत्यांतून मदत म्हणून येत होती आणि दुसरीकडे आपल्याच शेतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात, त्या मदतीची गरज संपवत होती. मी ही गोष्ट अनेकांना सांगितली आहे, आणि दर वेळी सांगताना मला पुन्हा नवल वाटतं.

याहून मागे गेलं तर आणखी एक वळण लागतं. ज्वारी मुळात आफ्रिकेची. आजच्या सुदानच्या पूर्व भागात सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी माणसाने ती माणसाळवली. एक वाट हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत आपली जोंधळा, ज्वारी झाली. दुसऱ्या वाटेने वेगळ्या जाती अटलांटिकपार गेल्या. त्यातलीच एक मिलो. दोन वाटांनी जगाच्या दोन टोकांना गेलेलं एकच धान्य विसाव्या शतकात विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा एकत्र आलं.

ही भेट घडवणाऱ्यांतही परदेशी माणसं होती, पण वेगळ्या प्रकारची. रॉकफेलर फाउंडेशनचे राल्फ कमिंग्ज १९५७ पासून दिल्लीत होते. ज्वारी-बाजरीवर काम करणारे केनेथ रेची आणि लेलंड हाउस भारतीय संशोधकांबरोबर शेतात राबत होते. आपल्या बाजूने एन. जी. पी. राव यांच्यासारखे ज्वारीला आयुष्य वाहिलेले शास्त्रज्ञ होते. दोन सरकारांमध्ये तारांचं युद्ध चालू असताना ही माणसं एकमेकांना बियाण्याच्या पुड्या देत होती. बोल्सच्या तारांनी धान्याची जहाजं किती लवकर सुटली हे सांगणं कठीण. या पुड्यांनी मात्र शेतं बदलली.

बियाणं हातात आलं तरी ते शेतकऱ्यापर्यंत पोचवायला कुणीतरी हवं होतं. ते जालन्यात घडलं. मूळ हिंगोलीचे बद्रीनारायण बारवाले भेंडीच्या बियाण्यापासून या धंद्यात शिरले होते. १९६४ मध्ये त्यांनी ‘महिको’ सुरू केली आणि संकरित ज्वारी, बाजरीचं बियाणं शेतकऱ्यांकडूनच त्यांच्या रानात तयार करून घ्यायला लागले. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचं गाव झालं ते ‘महिको’पासून.

‘हायब्रीड’ लोकांना लगेच आवडलं असं मुळीच नाही. भाकरीला चव नाही, कडबा आखूड, आणि कणीस पक्व व्हायच्या वेळी पाऊस लागला तर दाणा बुरशीने काळा पडतो, या तक्रारी खऱ्या होत्या. पण शंभरेक दिवसांत पीक हातात, आणि उतारा जुन्या खरीप ज्वारीच्या कितीतरी पट. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला कशाचं मोल जास्त, हे सांगायला नको.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मिलो पुन्हा आली. खडी फोडताना, पाझर तलावावर माती उपसताना मिळालेली सुकडी आणि घरी मिलोची भाकरी, या आठवणी महाराष्ट्रात अजून ताज्या आहेत. बहुतेकांच्या मनात मिलो या सालाशीच जोडलेली आहे. पण मधल्या काळात एक फरक पडला होता. १९७१ च्या बांगलादेश युद्धात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मदत थांबवली, आणि सवलतीचं धान्य घेणं भारतानेही त्याच वर्षअखेर बंद केलं होतं. १९७२-७३ मध्ये बाहेरून जे धान्य आलं त्यातलं बरंचसं आपण बाजारभावाने, रोख मोजून घेतलं. रोजगार हमीची कल्पनाही त्याच दुष्काळात वि. स. पागे यांच्या आग्रहाने रुजली. ताटातली भाकरी तशीच लाल होती, पण ती कुणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

आता त्या रुपयांची गोष्ट. धान्याच्या बदल्यात अमेरिकेच्या नावे रिझर्व्ह बँकेत रुपयांचा डोंगर जमला. ते डॉलरमध्ये बदलून बाहेर नेता येत नव्हते. काही भाग कर्ज म्हणून भारत सरकारलाच परत दिला गेला, काही अमेरिकन वकिलातीच्या खर्चात गेला. तरी डोंगर वाढतच राहिला, आणि दोन्ही देशांना त्याचं ओझं वाटू लागलं. शेवटी १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला आणि त्या हिशेबाचा मोठा भाग मिटवला. जगातला तोवरचा सर्वांत मोठा धनादेश म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली.

पण त्याआधीच त्या रुपयांतल्या एका बारीकशा ओघाने विलक्षण काम केलं होतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कचेरी उघडली आणि या रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं, मासिकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यात मराठी होतीच. शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली, विस्कॉन्सिन अशा ठिकाणी मराठी कादंबऱ्या, इतिहास, चरित्रं कपाटांत जाऊन बसली. शिकागोच्या ग्रंथालयात मॉरीन पॅटरसन यांनी तो संग्रह वाढवला, आणि त्या स्वतः महाराष्ट्राच्या अभ्यासक होत्या. पुढे अमेरिकेत गेलेल्या कितीतरी मराठी विद्यार्थ्यांना, आपल्या गावच्या वाचनालयातही न सापडणारं पुस्तक तिथं सापडलं. ते पुस्तक तिथं पोचलं ते इथल्या रेशनवर विकल्या गेलेल्या गव्हाच्या पैशातून. नागपूर-पुण्याच्या प्रकाशकाला मिळालेला तो चेक आणि देऊळगाव राजातल्या कुणी रेशनकार्डावर मोजलेले ते पैसे यांच्यामध्ये असा सरळ धागा आहे.

जाता जाता गाजर गवताबद्दल. बांधावर, पडीक रानात माजणारं, अंगाला खाज आणणारं हे तण अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं आपल्याकडे घरोघर मानतात. भारतात त्याचा फैलाव पहिल्यांदा लक्षात आला तो पन्नासच्या दशकात, पुण्यात. अमेरिकन गहू १९५१ पासूनच थोडाफार येत होता, तेव्हा ही शक्यता निराधार नाही. मात्र एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतींच्या याद्यांतही या झाडाचं नाव आढळतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. परक्याच्या मदतीबद्दलचा सल लोकांच्या मनात किती खोल रुतला होता हे मात्र या समजुतीतून दिसतं. बांधावरचं नकोसं झालेलं तणसुद्धा लोकांनी त्या पोत्याच्या नावावर लिहिलं.

आजच्या देऊळगाव राजाकडे या सगळ्यानंतर पाहिलं की नजर पांढऱ्या-हिरव्या शेडनेटवर खिळते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि पलीकडे जाफराबाद, हा पट्टा भाजीपाल्याच्या संकरित बीजोत्पादनासाठी ओळखला जातो. टोमॅटो, मिरची, काकडी. टोमॅटोला ज्वारीसारखी वांझ-परागाची सोय नाही. म्हणून इथं ते काम हातांनी होतं. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने तिच्यातला पिवळा नरभाग अलगद काढायचा, मधला नाजूक मादीभाग दुखवायचा नाही. दुसऱ्या दिवशी नर झाडांवरून गोळा केलेला पराग त्यावर लावायचा. कोणत्या फुलाला लावला याची खूण करायची. शेडनेटमध्ये ओळींमध्ये वाकून हे काम मुख्यतः बायका करतात. बोटांचं इतकं बारीक काम मी क्वचित पाहिलं आहे. एका टोमॅटोच्या गरात असतील तितक्या बिया, आणि त्या सगळ्यांमागे हा एक स्पर्श. हे बियाणं कंपन्यांमार्फत देशभर जातं, देशाबाहेरही जातं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. संकरित दाणा पुन्हा पेरला तर त्याच्यासारखं पीक येत नाही, म्हणून शेतकऱ्याला दर हंगामी नवीन बियाणं घ्यावं लागतं. मादी आणि नर कंपनीचे, करार कंपनीचा, आणि उगवणशक्ती कमी भरली तर माल नाकारण्याचा अधिकारही कंपनीचा. वादळाने शेडनेट उडालं तर तोटा शेतकऱ्याचा. एका दाव्यातून सुटताना दुसरं गळ्यात पडलं का, हा प्रश्न या पट्ट्यातले शेतकरी विचारतात आणि तो रास्त आहे. फरक इतकाच, की हे भांडण ते जालन्यात जाऊन, बुलडाण्यात मोर्चा काढून, आपल्या भाषेत भांडू शकतात. १९६६ मध्ये भांडायचं तर कुणाशी, हेच कुणाला माहीत नव्हतं.

भारत आता देणाऱ्यांच्या रांगेत आहे. २०२१ मध्ये अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू द्यायचं ठरलं, तेव्हा तो अटारीच्या सरहद्दीवरून पाकिस्तानातून न्यायचा होता. परवानगीसाठी महिने गेले, आणि शेवटी अफगाण ट्रक, अफगाण चालक अशा अटीवर पहिल्या गाड्या निघाल्या. भुकेल्याचं धान्य दोन देशांच्या वैरातून वाट काढत कसं जातं, हे या वेळी आपण दुसऱ्या टोकाने पाहिलं.

आणि ज्वारीचं मूळ घर, सुदान? तिकडची वाटही इथूनच गेली. १९७२ मध्ये हैदराबादजवळ ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. लेलंड हाउस पुढे तिथंही ज्वारीवरच काम करत राहिले. या संस्थेच्या सुदानमधल्या कामातून गेबिसा एजेटा या इथिओपियन शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ‘हगीन दुरा-१’ हे वाण दिलं. आफ्रिकेतली व्यापारी तत्त्वावर पिकवलेली ती पहिली संकरित ज्वारी मानली जाते. तिची मादी-ओळही मिलोच्या पेशीद्रव्यावरचीच. एजेटांना २००९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. विदर्भ-मराठवाड्यात जे घडलं त्याचा पुढचा अध्याय ज्वारीच्या जन्मभूमीत लिहिला गेला होता.

एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये यादवी चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तिथं जाणाऱ्या मदतीत अमेरिकन ज्वारी मोठ्या प्रमाणावर असे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी ही मदत वाटणारी ‘यूएसएड’ संस्था बंद झाली. युद्ध वाद मदनी शहरात घुसलं तेव्हा तिथली राष्ट्रीय बियाणे पेढी लुटली गेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी जे वाण वाचवले त्यांचे नमुने फेब्रुवारी २०२५ मध्ये, मदत गोठल्याला महिना होत असताना, नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या जागतिक बियाणे कोठारात पाठवले. त्यात सुदानी ज्वारीचे अनेक वाण आहेत.